पोपटाचे पाय मोकळेच होते

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या बाई ३४ वर्षांच्या आहेत. त्या जन्मल्या त्याच वर्षी वडिलांचं किराणा दुकान बुडालं आणि आजीने त्यांना ‘पांढऱ्या पायाची’ ठरवलं. लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं, की आजही कुणाच्या नव्या घरात शिरताना त्या मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतात. पुढच्या महिन्यात भावाच्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. ऑफिसचं कारण काढून पूजा आटोपल्यावर पोचायचं त्यांनी ठरवलंय. वर्षभर सार्थ ज्ञानेश्वरी वाचतायत. कुणीतरी सांगितलं, की पोथी रूपक म्हणून वाचा, जुन्या समजुती आपोआप गळून पडतील. त्यांचं विचारणं असं, की हे खरंच होतं का? ही स्वतःचीच फसवणूक तर नाही? आणि पोथीला रूपक म्हणणं म्हणजे तिला खोटं म्हणणं नाही का?

मी शाळेत मराठी शिकवत होते आणि गेली २६ वर्षं दर गुरुवारी घरी ज्ञानेश्वरीचा वाचनवर्ग घेते. मी काही कीर्तनकार नाही. जे सांगते ते वाचून, चुकून आणि वर्गातल्या माणसांकडे बघून कळलेलं आहे.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सोपा आहे. पोथीला रूपकाचं वावडं नाही. उलट एका पोथीने तर स्वतःच गोष्ट सांगून तिची किल्लीही हातात ठेवलीय. भागवताच्या चौथ्या स्कंधात, २५ ते २९ या अध्यायांत, पुरंजनाचं आख्यान आहे. प्राचीनबर्ही नावाचा राजा यज्ञामागून यज्ञ करत सुटलेला. नारद येतो आणि त्याला दाखवतो, की तू यज्ञात मारलेले पशू वर लोखंडाची शिंगं घेऊन तुझी वाट बघतायत. राजा घाबरतो. मग नारद त्याला एक गोष्ट सांगतो.

पुरंजन नावाचा राजा राहायला जागा शोधत हिंडतो. नऊ दारांचं एक नगर त्याला आवडतं. तिथे एक सुंदर स्त्री भेटते, सोबत दहा सेवक आणि राखणीला पाच फण्यांचा नाग. पुरंजन तिथे असा रमतो, की ती जेवली की हा जेवतो, ती रडली की हा रडतो, ती हसली की हा हसतो. पुढे चंडवेग नावाचा गंधर्व ३६० गंधर्व आणि तितक्याच गंधर्वी घेऊन नगर लुटायला येतो. म्हातारा नाग एकटा शंभर वर्षं झुंजतो आणि शेवटी थकतो. कालकन्या नगरात शिरते, नगर पेटतं. पुरंजन मरतानाही ‘माझ्यामागे हिचं कसं होईल’ याच काळजीत, म्हणून पुढच्या जन्मी तो विदर्भाच्या राजाची मुलगी होतो. तिचं लग्न होतं, संसार होतो, नवरा जातो. ती चितेवर चढायला निघते तेव्हा एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो, मला ओळखलंस का? तुझा जुना मित्र मी. आपण दोघं मानस सरोवरावरचे हंस होतो. तू विदर्भाची मुलगी नाहीस, हा तुझा नवरा नव्हे, आणि त्याआधी तू त्या नगरातल्या बाईचा नवराही नव्हतास.

गोष्ट संपते आणि राजा काय म्हणतो? म्हणतो, तुमचं बोलणं मला नीट कळलं नाही. मला हे वाक्य फार आवडतं. वर्गात चहा-बिस्किट झाल्यावर दर वेळी कुणीतरी नेमकं हेच म्हणतं. मग नारद उलगडून सांगतो. पुरंजन म्हणजे जीव. नगर म्हणजे देह, नऊ दारं म्हणजे डोळे, कान, नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन. ती स्त्री म्हणजे बुद्धी, नाग म्हणजे प्राण. ३६० गंधर्व म्हणजे वर्षाचे दिवस, गंधर्वी म्हणजे रात्री. कालकन्या म्हणजे म्हातारपण.

तेव्हा रूपक म्हणजे खोटं, ही शंका काढून टाका. फक्त एक गोष्ट बघून ठेवा. त्या आख्यानातली सगळी पात्रं एकाच देहात राहतात. त्यात सासू नाही, जाऊ नाही, शेजारी नाही.

हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मी रूपकं भराभर वाटायची. कौरव म्हणजे शंभर विकार, धृतराष्ट्र म्हणजे आंधळा मोह, असं सगळं. लोक माना डोलवायचे, मलाही बरं वाटायचं. एकदा वर्ग सुटल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. भावाशी जमिनीचा दावा चालू होता. म्हणाले, “बाई, आज लख्ख कळलं. माझा भाऊ म्हणजे दुर्योधन.” त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या माणसाला मी हातात दगड दिला होता, तोही पोथीत गुंडाळून. तेव्हापासून वर्गात एकच नियम आहे. पात्राला कुणाचं तरी नाव द्यायचंच असेल तर स्वतःचं द्या.

दुसरी अडचण म्हणजे वाट्टेल तो अर्थ. एकाच गीतेचं बघा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं. त्यात अर्जुनाने उठून खरंखुरं कर्म करायचंय. गांधीजींना कुरुक्षेत्र दिसलं ते माणसाच्या हृदयात. विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, आणि तिथे गीता रोजच्या वापरातली होऊन बसली. तिघांचे अर्थ वेगळे, पण तिघांनीही आधी मूळ शब्दाशी झटापट केली होती. आपण ती टाळतो आणि ‘मला असं वाटलं’वर येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी तंबी देऊन ठेवली:

ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात करवंटी. ओवीच्या भेसळीबद्दलचं हे बोलणं मी अर्थाच्या भेसळीलाही लावते. रूपक काढण्याआधी शब्द काढा, शब्दकोश उघडा, कंटाळा आला तरी.

आता तुमच्या पायांकडे येते.

सहाव्या अध्यायात ‘उद्धरेदात्मनात्मानं’ हा श्लोक आहे. आपणच आपला मित्र, आपणच आपला वैरी. त्यावर ज्ञानदेव एकामागून एक दाखले देतात. स्वतःच्या कोशात अडकलेला किडा. भ्रम झालेला एक माणूस, जो म्हणतो, मी तो नव्हेच, मी चोरीला गेलो. आणि मग पोपट. तुमच्या प्रतीत ७६ ते ७९ या ओव्या काढा, आकडा एखाद-दुसरा पुढे-मागे असेल.

जैसी ते शुकाचेनि आंगभारें । नळिका भोविन्नली एरी मोहरें ।
तेणें उडावें परी न पुरे । मनशंका ॥

पोपट धरायची ही जुनी युक्ती. दोरीत ओवलेली पोकळ नळी टांगून ठेवायची. पोपट येऊन बसला की त्याच्याच वजनाने नळी गर्रकन फिरते आणि पोपट उलटा लटकतो. घाबरून तो नळी घट्ट धरतो. वास्तविक सोडली की तो मोकळा, पंख शाबूत आहेत. पण ‘मनशंका’ पुरत नाही, म्हणजे मनातली शंका काही फिटत नाही. पुढे दोन ओव्यांनंतर:

म्हणे बांधला मी फुडा । ऐसिया भावनेचिया पडे खोडां ।
कीं मोकळिया पायांचा चवडा । गोंवी अधिकें ॥

इथे घाई करू नका. ‘फुडा’ म्हणजे पुढे नव्हे. फुडा म्हणजे नक्की, खरोखर. पोपट म्हणतो, मी खरोखरच बांधला गेलोय. ‘खोडा’ म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड, भोकं पाडलेलं. पारध्याने खोडा आणलेलाच नाही. पोपटाचा खोडा भावनेचा आहे, म्हणजे त्याच्या कल्पनेचा. आणि तिसरा चरण दोनदा वाचा. मोकळिया पायांचा चवडा. पाय मोकळे आहेत, पहिल्यापासून मोकळे आहेत, आणि तो तेच पाय अधिक गुंतवून घेतोय.

ज्ञानदेवांनी इथे चोच म्हटलं असतं, पंख म्हटलं असतं, तरी चाललं असतं. त्यांनी पाय म्हटलं. तुमचा प्रश्न वाचला आणि हीच ओवी मनात आली. बाकी ज्ञानेश्वरीतल्या नऊ हजार ओव्या सध्या बाजूला ठेवल्यात तरी चालेल.

पुढची ७९ वी ओवी मात्र कठोर आहे, तीही टाळू नका. कुणी न बांधता अडकलेला तो पोपट अर्धा तोडून नेला तरी नळी सोडत नाही, असं ज्ञानदेव म्हणतात. म्हणजे ‘कळलं’ की ‘सुटलं’ असं त्यांनी कुठेच म्हटलेलं नाही. ‘आपोआप गळून पडतील’ असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी एवढी एक ओवी गाळली असावी.

मुठी का सुटत नाहीत, याचं उत्तर मला दुसऱ्याच पोथीत सापडलं. आमच्या वर्गात एक ख्रिस्ती शिक्षिका वर्षभर येत होत्या. पोपटाच्या ओव्या झाल्या त्या दिवशी त्यांनी बायबलच्या जुन्या करारातली गणना या पुस्तकातली गोष्ट सांगितली. इस्राएली लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटले, समुद्र ओलांडला, आणि पुढे वाळवंटातल्या प्रवासात रडायला लागले. कशासाठी? तिकडचे मासे, काकड्या, कलिंगडं, कांदे आणि लसूण आठवून. वर्गात हशा पिकला. आमच्या एक काकू म्हणाल्या, “कांदा-लसणासाठी माणूस परत तुरुंगात जाईल, मला पटतं.” ते लोक पुढे चाळीस वर्षं वाळवंटात फिरत राहिले. मिसर सुटायला एक रात्र पुरली, कांदे सुटायला चाळीस वर्षं.

तुमचे कांदे कुठले ते तुम्हीच शोधायला हवेत, पण एक-दोन मी सुचवते, राग मानू नका. ‘मी पांढऱ्या पायाची’ हे मनात पक्कं असलं की न जायला कारण मिळतं. गर्दीत, नातेवाइकांत, नव्या ओळखींत. आणि आजीलाही या शब्दाने काही मिळालं असेल. दुकान बुडालं त्याचा दोष कुणाच्या तरी पदरात घालायचा होता. पोटच्या मुलाच्या पदरात घालवेना, म्हणून पाळण्यातल्या नातीच्या घातला. हे मी अंदाजाने म्हणतेय, पण अशी घरं मी खूप बघितलीत.

म्हणून एक काम पोथीबाहेरचं आहे. दुकान का बुडालं ते वडिलांना किंवा काकांना एकदा सरळ विचारा. उधारी किती थकली होती, भाडं वाढलं होतं का, समोर दुसरं दुकान उघडलं होतं का. जुन्या वह्या असतील तर बघा. अशा ठिकाणी लोक लगेच ध्यानाला बसतात आणि हिशेब विचारत नाहीत. मला हे पटत नाही. आजीचं म्हणणं रूपक नव्हतं. तो साधा आरोप होता, आणि आरोपाला वहीखात्याने उत्तर देता येतं.

इथेच माझी एक कबुली. पहिली आठ वर्षं मी हा वर्ग महिन्यातले ते चार दिवस आले की बंद ठेवायची. तब्येत बरी नाही म्हणून सांगायची. सहावा अध्याय इतरांना समजावणारी मी पोथीला हात लावत नव्हते. माझ्या चुलतसासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पोथीचं कपाट दाखवून बजावलं होतं, ते अंगात मुरलेलं. आणि गंमत बघा, सोयराबाईंचा अभंग मला तोंडपाठ होता:

देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥

हा अभंग मी वर्गात शिकवताना म्हणायची, इथे विटाळ म्हणजे मनाचा मळ. किती सोयीचं! सोयराबाई चोखोबांच्या पत्नी. ज्यांची सावलीही नको म्हणायचे, अशा घरातल्या. त्या देहाच्या विटाळाबद्दलच बोलतायत, सरळ, नाव घेऊन. मीच त्याचं रूपक करून स्वतःला वाचवत होते. एका गुरुवारी वर्गातल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, “बाई, पण त्यांनी देह म्हटलंय ना?” मी गप्प. पुढच्या महिन्यात त्या चार दिवसांत वर्ग ठेवला. हात थरथरत होते हे खरं. पान उलटताना कडेला घामाचा डाग पडला, तो अजून आहे. त्यानंतरच्या महिन्यात कमी थरथरले. किती महिने लागले ते मोजलं नाही.

आपली खोड अशी आहे. संत सरळ बोलतात तिथे आपण रूपक काढतो, आणि ते रूपकात बोलतात तिथे शब्दाला धरून बसतो. ग्रंथात जिथे माणसाला जातीवरून किंवा बाई आहे म्हणून खाली ढकललंय, तिथे तर ‘याचा आतला अर्थ वेगळा’ हे वाक्य माझ्याकडून आता निघत नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा कुणी तिचा आतला अर्थ विचारत बसलं नाही, आणि ते बरोबरच होतं. रूपक हे आपली मूठ उघडायला आहे, दुसऱ्याचा गुन्हा झाकायला नाही.

आता करायचं काय ते. आठवडाभर फक्त त्या चार ओव्या घ्या. मोठ्याने वाचा, चालीवर नाही आली तरी. शब्दार्थ वहीत स्वतःच्या अक्षरात लिहा. मग दिवसातून एकदा, जिथे तुमचे पाय अडखळतात तिथे, म्हणजे एखाद्या दाराशी, लिफ्टमध्ये, मैत्रिणीच्या नव्या घराच्या उंबऱ्यावर, थांबून बघा: मी आत्ता काय धरलंय? ‘हे धरायला नको’ असं म्हणू नका. नुसतं बघा. पोपटाला ‘सोड’ म्हणून ओरडलं की तो आणखी घट्ट धरतो. दोन-तीन आठवड्यांनी कधीतरी तुम्ही बोलण्याच्या नादात आधी आत शिराल आणि नंतर लक्षात येईल. तसं झालं तर त्याचा फार गाजावाजा करू नका, आणि पुढच्या वेळी पुन्हा मागे राहिलात तर मनाला लावूनही घेऊ नका.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ही भीती झोप उडवत असेल, दिवसभर तेच तेच विचार येत असतील, कुणाला काही झालं की ‘माझ्यामुळे’ म्हणून जीव घाबरा होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पोथी सोबत न्या हवी तर, पण जा. मी माझ्या वर्गातल्या दोघांना पाठवलंय. दोघंही वर्गात टिकून आहेत.

आजीशी या विषयावर बोलू का, असंही तुम्ही विचारलंय. तिचं वय ८८. तिच्याकडून कबुली काढायच्या भानगडीत पडू नका, ती तिला आता झेपणार नाही. त्याऐवजी एक करा. तिच्याजवळ बसून एकनाथांचं रोडग्याचं भारूड म्हणा. ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.’ तिला बहुधा पाठ असेल. त्यातली बाई देवीला नवस बोलते, की सासरा गावाला गेलाय त्याला तिकडेच खपव, जाच करणाऱ्या सासूला निर्दाळ, फडफड बोलणाऱ्या जावेला बोडकी कर, नणंदेचं पोर किरकिर करतं त्याला खरूज होऊ दे, आणि दादल्याची आहुती देते, पण मोकळी कर गे मला. ऐकणाऱ्या बायका हसून लोळतात, कारण प्रत्येकीला ती सासू ओळखीची असते. आणि मग शेवटचं कडवं येतं: एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला. तिथे हसणं थोडं थबकतं. हे नवस घरातल्या माणसांविरुद्ध नव्हते, हे कुणी न सांगता कळतं. माझ्या आईला कळलं होतं, ती चौथी शिकलेली होती. तुमची आजीही हसेल. हसता हसता जुनं काही बोलली तर ऐकून घ्या.

वास्तुशांतीला मात्र वेळेवर जा. सकाळी, पूजेच्या आधी. भावजयीला आदल्या दिवशी फोन करून सांगा, की मी लवकर येतेय, नारळ आणि फुलं मी आणते. हातात सामान असलं की उंबऱ्यावर घुटमळायला फार जागा उरत नाही. पुढे शिरायचं की मागे, तो विचार मनात येईल, येऊ दे. चपला काढताना चवडे एकदा जमिनीवर टेकवून बघा, आणि आत जाऊन फुलं पाण्यात घाला.